तपासणी झाली, पण तट्टू घ्यावे का?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दिवाळीला अकलूज, दत्तजयंतीला सारंगखेडा, त्यामागोमाग माळेगावची खंडोबाची जत्रा. घोड्यांचे मोठे बाजार असे हिवाळ्यात भरतात आणि किनाऱ्यावर नवी तट्टे उतरतात तीही याच दिवसांत. त्यामुळे या वेळची बहुतेक पत्रे तट्टू घेण्यापूर्वी करायच्या पशुवैद्यकीय तपासणीबद्दलची आहेत.

नागाव (ता. अलिबाग) येथील वाचक: मुलगी ११ वर्षांची आहे, वजन ३४ किलो. तिच्यासाठी घाटावरच्या एका व्यापाऱ्याकडची ५० इंची घोडी पाहिली. वय ९ सांगितले, किंमत ९० हजार. स्वभावाने फार गरीब. पशुवैद्यांकडून तपासून घेतली तर अहवालात तीन गोष्टी आल्या. दातांवरून वय १२ ते १४. पुढच्या दोन्ही खुरांवर आडव्या वळ्या, टाचेकडे रुंद होत गेलेल्या. डावा पुढचा पाय दुमडून धरल्यानंतर दुडकीत, म्हणजे हलक्या धावेत, पहिली काही पावले किंचित लंगड. डॉक्टर 'घ्या' म्हणाले नाहीत आणि 'सोडा' असेही म्हणाले नाहीत. व्यापारी म्हणतो, नाल चार दिवसांपूर्वीच मारलेत, म्हणून लंगडते. काय करावे?

उत्तर: डॉक्टरांनी निर्णय तुमच्यावर सोडला ते योग्यच केले. अशा तपासणीत जनावर पास किंवा नापास होत नसते. त्या दिवशी काय दिसले आणि तुम्ही सांगितलेल्या कामात त्याचा धोका किती, एवढेच अहवाल सांगू शकतो. तो धोका किती रुपयांना आणि किती वर्षांसाठी पत्करायचा, हे घेणाऱ्याने ठरवायचे.

आधी वयाचे पाहू, कारण ते सोपे आहे. पाचव्या वर्षी घोड्याचे सगळे पुढचे दात पक्के झालेले असतात. खालच्या दातांवरचे खळगे साधारण सहा ते आठ या वर्षांत बुजतात. दहाव्या वर्षाच्या सुमारास वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीलगत एक उभी चर दिसू लागते आणि पंधराव्या वर्षापर्यंत ती दाताच्या निम्म्यावर येते. दहाच्या पुढे दातांवरचा अंदाज वर्ष-दोन वर्षांनी इकडेतिकडे होतोच. पण चर स्पष्ट दिसत असेल तर वय ९ असणे कठीण. तेरा वर्षांची घोडी मुलीसाठी वाईट नाही, उलट शिकायला अशीच शांत, वापरलेली घोडी बरी. नीट सांभाळलेले तट्टू विशीतही हलके काम करते. मात्र ज्याने वय चार वर्षांनी कमी सांगितले, त्याचे नालांबद्दलचे बोलणे तपासल्याशिवाय धरून चालू नका.

ते तपासता येते. खिळा चुकून आतल्या जिवंत भागाजवळ गेला असेल तर दुखणे बहुधा दोन-तीन दिवसांतच दिसते आणि खूर दाबून पाहायच्या पकडीत त्या एका खिळ्याशीच घोडी पाय ओढते. नालबंदाने तो खिळा काढला की ती लवकरच सुधारते. पाय दुमडून धरायची चाचणी एकटी घेतली तर तिच्यावर फार विसंबू नये. मिनिटभर सांधा दाबून धरला तर चांगला घोडाही दोन पावले आखडतो. दोन्ही पायांत सारखाच फरक असेल तर तो सोडून देता येतो. तुमच्या घोडीत तो एकाच पायात आहे आणि त्याच पायाच्या खुरावर वळ्याही आहेत.

खरा प्रश्न या वळ्यांचा आहे. खुरावर आडव्या रेषा सगळ्याच घोड्यांना असतात. चारा बदलला, ऋतू बदलला की त्या उमटतात. अशा रेषा पुढून मागे एकमेकींना समांतर जातात. पुढच्या टोकाशी जवळजवळ आणि टाचेकडे पसरत जाणाऱ्या वळ्या म्हणजे पुढचा भाग मागच्यापेक्षा हळू वाढला. याचे नेहमीचे कारण लॅमिनायटिस, म्हणजे खुराची भिंत आतल्या हाडाला जिथे धरून ठेवते तिथली सूज. ती पकड सैल झाली की हाड आत कलते. तट्टूंच्या जातीत हा रोग मोठ्या घोड्यांपेक्षा जास्त दिसतो, कारण कमी चाऱ्यावर जगण्यासाठी घडलेल्या शरीराला हिरव्या गवतातल्या साखरेचा भडिमार झेपत नाही.

घोडी पुन्हा पाहायला जाल तेव्हा मोजपट्टी न्या. केस संपतात त्या कडेपासून सगळ्यात ठळक वळी खुराच्या समोरच्या बाजूने किती खाली आहे ते मोजा. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. वळी अडीच सेंटीमीटर खाली असेल तर त्रास तीन-चार महिन्यांपूर्वीचा. तुम्ही डिसेंबरात पाहिली असेल तर तो ऑगस्ट-सप्टेंबरचा निघतो, म्हणजे पावसाळी हिरव्या गवताचा. एकाखाली एक तीन-चार अशा वळ्या असतील तर त्रास पुन्हा पुन्हा झालेला आहे. मानेचा वरचा काठ जाड आणि टणक लागतो का, हेही हाताने चाचपा. अशा तट्टूंत तो बहुधा तसाच सापडतो.

यानंतरही शंका उरते, म्हणून पुढच्या दोन्ही खुरांचा बाजूने काढलेला एक्स-रे हवा. त्यात खुराच्या समोरच्या भिंतीची रेषा आणि आतल्या हाडाच्या पुढच्या कडेची रेषा समांतर असायला हव्यात. खाली जाताना त्या फाकत असतील तर हाड कलले आहे. मुंबई-पुण्यात शर्यतीच्या घोड्यांचे काम करणारे पशुवैद्य फिरते यंत्र घेऊन येतात. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातही विचारा. खर्च व्यापारी देणार नाही, तुम्हालाच करावा लागेल. त्याच भेटीत रक्ताचा नमुना घेऊन ठेवा. दुखणे दाबणारे फिनाइलब्युटाझोन चंदीत (दाण्याच्या खुराकात) मिसळून देता येते आणि त्याच्या जोरावर घोडी दिवसभर सरळ चालते. नमुना घेणार हे आधी कळवले की काही विक्रेते आपणहून तारीख पुढे ढकलतात. तेही उत्तरच समजा.

आमचे मत असे: आज पैसे देऊ नका. नाल जुने होऊ द्या, तीन आठवड्यांनी न कळवता सकाळी जा आणि कडक जमिनीवर लहान वर्तुळात दोन्ही बाजूंना चालवून पाहा. हाड कलले असेल तर घोडी कितीही गरीब असो, सोडा. नागावसारख्या ठिकाणी जून ते ऑक्टोबर दारापुढे ओले गवत असणार. तिला ते पाच महिने गवतापासून बांधून ठेवायचे आणि मुलीला बसू द्यायचे नाही, असे दरवर्षी करावे लागेल. एक्स-रे स्वच्छ आला आणि लंगड गेली, तर तेरा वर्षांच्या, एकदा त्रास होऊन गेलेल्या घोडीची म्हणून किंमत बोला. ९० हजार ही नऊ वर्षांच्या निरोगी घोडीची सांगितलेली किंमत होती.

काशीद येथील वाचक: पर्यटकांना किनाऱ्यावर फेरी मारण्यासाठी दोन तट्टे घेतोय. विक्रेत्याकडे सरकारी डॉक्टरचा दाखला आहे. वेगळी तपासणी कशाला?

उत्तर: तो दाखला बहुधा वाहतुकीसाठीचा असतो. जनावर प्रवासाला योग्य आहे आणि त्याला संसर्गजन्य रोगाची लक्षणे नाहीत, एवढेच त्यात असते. १९७८ च्या वाहतूक नियमांनुसार तो गाडीसोबत लागतोच. पाठीवर माणूस घेऊन वर्षानुवर्षे काम करेल का, हे त्यात कोणी पाहिलेले नसते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले पशुधन विकास अधिकारी चांगले असले तरी त्यांचे बहुतेक काम गाई-म्हशी-शेळ्यांचे. घोड्यांची सवय असलेल्या डॉक्टरांना एक दिवस बोलवा आणि विक्रेत्याच्या ओळखीचे डॉक्टर टाळा.

पुरी तपासणी पाच टप्प्यांत होते. आधी उभ्या जनावराची: ताप ९९ ते १०१.५ अंश फॅरेनहाइट, नाडी मिनिटाला २८ ते ४४ (लहान तट्टात थोडी जास्त), श्वास ८ ते १६. हिरडी दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत यावा. डोळे अंधाऱ्या तबेल्यात बॅटरीने पाहायचे, उन्हात नव्हे. मग कडक जमिनीवर सरळ रेषेत चाल आणि दुडकी. मग दहा-पंधरा मिनिटे चांगली पळवून हृदय आणि श्वास ऐकायचा. मग विश्रांती, नाडी किती वेळात उतरते ते मोजत. आणि शेवटी पुन्हा दुडकी, कारण काही लंगड अंग थंड झाल्यावरच दिसते. विक्रेते घाई करतात ती नेमकी या शेवटच्या दोन टप्प्यांत.

रक्ताच्या चाचण्यांत ग्लँडर्स सोडू नका. हा रोग माणसालाही होतो, जनावरात त्यावर उपचार करायला परवानगी नाही आणि चाचणी पक्की निघाली तर जनावर मारावे लागते. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात, त्यामुळे अहवालाला वेळ लागतो. सौदा त्या हिशेबाने लांबवा. दुसरी चाचणी सर्राची. गोमाशांमुळे पसरणारा हा रोग पावसाळ्यानंतर वर येतो: ताप येतो-जातो, घोडा खाऊनही वाळतो, पाय आणि पोटाखालचा भाग सुजतो. काचेवरच्या रक्तात जंतू दर वेळी सापडत नाहीत, म्हणून रक्तजलाची चाचणीही मागा.

आता वजनाचे. तंग (खोगिराचा पट्टा) ओढतो तिथला छातीचा घेर आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. आले ते किलो. घेर १४५, लांबी १३० असेल तर वजन साधारण २३०. खोगिरासकट स्वाराचे वजन याच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतच असावे, म्हणजे ४६ किलो. ७५ किलोच्या पर्यटकाला आणि ८ किलोच्या खोगिराला सुमारे ४१५ किलोचा घोडा लागतो, तट्टू नव्हे. केंद्राच्या १९६५ च्या नियमांतही तट्टाच्या पाठीवरच्या ओझ्याची कमाल मर्यादा ७० किलो आहे. तेच नियम दिवसाला नऊ तासांच्या वर काम, सलग पाच तासांहून जास्त जुंपणे आणि काटेरी लगाम यांना मनाई करतात. तुमच्या फेऱ्या मोठ्या माणसांच्या असतील तर दोन तट्टांऐवजी एक मोठा घोडा घ्या. मुलांच्याच असतील तर तट्टे चालतील. कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र पळवू नका. नळीच्या हाडामागच्या शिरा, म्हणजे कंडरा (टेंडन), तिथेच ताणल्या जातात. ओहोटीची घट्ट ओली पट्टी बरी. डॉक्टरांना या शिरा पाय उचलून चाचपायला सांगा. गरम किंवा जाड लागली तर त्या जनावराने हे काम आधीच खूप केले आहे.

दापोली येथील वाचक: सारंगखेड्याहून आणलेला एक घोडा गेल्या एप्रिलपासून घाम येईनासा होऊन धापा टाकू लागला. आता दुसरा घेताना हे तपासणीत कळेल का?

उत्तर: डिसेंबरात कळणे कठीण. कोरड्या, गरम मुलखातला घोडा दमट किनाऱ्यावर आला की काहींच्या घामाच्या ग्रंथी हळूहळू काम सोडतात. घाम फक्त आयाळीखाली, कानांमागे आणि खोगिराखाली राहतो. कातडी कोरडी आणि गरम, नाकपुड्या फाकलेल्या, काम थांबवून अर्धा तास झाला तरी श्वास उतरत नाही. पुढे कपाळावरचे केस विरळ होतात. कातडीत टर्ब्युटालिनच्या बारीक सुया देऊन घाम येतो का ते पाहायची चाचणी आहे; पण आज पूर्ण घाम देणारा घोडा मे महिन्यात तसाच राहील याची हमी ती देत नाही. खात्रीचे औषधही नाही. सावली, पंखा, पाणी मारणे, मीठ आणि पहाटेच काम, एवढ्यावरच निभावते. खूप बिघडला तर घाटावर परत पाठवणे हाच इलाज.

म्हणून बाजारातला नवा घोडा घेण्यापेक्षा किनाऱ्यावर निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढलेले जनावर शोधा, चार पैसे जास्त पडले तरी. शक्य असेल तर खरेदीच मे महिन्यात करा आणि दुपारनंतर दुडकीवर पळवून पाहा. अशा जनावराची आयाळ आणि शेपटीचे मूळही पाहा. पावसाळी चिलटांनी खाज सुटणारे तट्टू तिथेच घासून घासून कातडी जाड करून घेते, आणि हे दरवर्षी होत राहते.

तारकर्ली येथील वाचक: तट्टू जिथे बांधलेले आहे तिथे सगळी वाळूच. पोटात वाळू गेली असेल तर घेण्याआधी कसे ओळखावे?

उत्तर: पडल्या पडल्या लिदीचे वरचे सहा-सात गोळे घ्या, जमिनीला टेकलेले नकोत. दोन लिटर पाण्यात पारदर्शक पिशवीत कालवा आणि वीस मिनिटे टांगून ठेवा. पिशवीच्या कोपऱ्यात चमचाभराहून जास्त वाळू बसली तर पोटात साठा आहे. काहीच बसली नाही म्हणून पोट रिकामे असे मात्र नाही. काही जनावरे वाळू धरून ठेवतात, लिदीत येऊ देत नाहीत. डॉक्टरांना छातीच्या हाडामागे, पोटाच्या अगदी खालच्या भागावर स्टेथोस्कोप चार-पाच मिनिटे धरायला सांगा. आतडे हलताना वाळू सरकल्याचा आवाज तिथे येतो. शंका उरली तर पोटाचा एक्स-रे.

वाळू आहे एवढ्यावरून तट्टू सोडायची गरज नाही, हे दुरुस्त होण्यासारखे आहे. इसबगोल वजनाच्या दर किलोला एक ग्रॅम, म्हणजे २३० किलोच्या तट्टाला पाव किलोच्या आसपास, आठवडाभर रोज एकदा. कोरड्या चंदीत थोडे तेल लावून द्या. भिजवले की लापशी होते आणि तट्टू तोंड लावत नाही. साठा जास्त असेल तर डॉक्टर नळीने इसबगोल आणि मॅग्नेशियम सल्फेट एकत्र घालतात, ते घरी करायचे काम नव्हे. मात्र पोटशूळाची लक्षणे असतील, म्हणजे तट्टू मागे वळून कुशीकडे पाहते, पुन्हा पुन्हा बसते-उठते, लीद थांबली आहे, तर सौदा तिथेच थांबवा. पुढे चारा वाळूवर टाकू नका. घमेल्यात द्या, खाली रबरी चटई घाला. भुकेले तट्टूच जास्त वाळू चाटते, तेव्हा गवत दिवसभर थोडे थोडे पुढ्यात हवे.

कुडाळ येथील वाचक: पाहिलेले तट्टू भाताच्या पेंढ्यावर आणि कोंड्यावर वाढले आहे. डॉक्टरांनी 'तोंडाची हाडे जाड' असे लिहिले. हा दोष जन्माचा का?

उत्तर: बहुधा चाऱ्याचा. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो आणि पेंढ्यातले ऑक्झलेट उरलेले कॅल्शियमही अडवते. शरीर मग हाडांतून कॅल्शियम काढते. डोळ्यांखाली, दाढांच्या वरची हाडे दोन्ही बाजूंना फुगतात, आज या पायात उद्या त्या पायात लंगड येते, दात हलू लागतात. चारा सुधारला तर लंगड बहुतेकदा जाते, तोंडाचा आकार पूर्ण परतेलच असे नाही. दात घट्ट असतील, तट्टू आठ वर्षांच्या आतले असेल आणि किंमत निम्म्यावर येत असेल तर विचार करा. घेतलेच तर कोंडा बंद, सुके गवत वजनाच्या दीड ते दोन टक्के, आणि कॅल्शियमची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दात हलत असतील तर नको.

गुहागर येथील वाचक: डॉक्टरांनी सगळे ठीक सांगितले, पण वडीलधारे म्हणतात अंगावरचा केसांचा भोवरा अशुभ जागी आहे. घ्यावे का?

उत्तर: भोवऱ्याचा तब्येतीशी संबंध नाही. त्याचा एक चांगला उपयोग आहे: जागा बोटांचे ठसे असावेत तशा प्रत्येक घोड्याच्या वेगळ्या असतात, म्हणून कागदावर त्यांची नोंद करून घ्या म्हणजे तपासलेले आणि घरी आलेले तट्टू एकच आहे याची खात्री होते. विकताना मात्र हाच भोवरा तुमच्या किमतीत आडवा येईल. तेव्हा आजच त्या नावाने दहा टक्के कमी करून मागा, आणि घरातल्यांची नाराजी झेपणार नसेल तर दुसरे पाहा.

हर्णै येथील वाचक: तपासणी चांगली आली. इसार देताना काय लिहून घ्यावे?

उत्तर: सांगितलेले वय, रंग, भोवरे, डाग, पूर्वीचे लंगडणे, पोटशूळ, शस्त्रक्रिया यांबद्दल विक्रेत्याचे लेखी 'नाही', हवा गिळणे, लाकूड कुरतडणे, लाथा मारणे या खोडी नसल्याचे, आणि रक्ताचा अहवाल सदोष आला तर इसार पूर्ण परत, ही ओळ. पंधरा दिवस घरी ठेवून पाहू द्याल का, असे विचारून बघा. बाजारात मिळत नाही, ओळखीच्या घरातून घेताना मिळते. खोडी मालकासमोर दिसत नाहीत. तबेल्याच्या दारावरची चावलेली कड आणि पुढच्या दातांची झिजलेली धार पाहा.

गाडीत चढवण्यापूर्वी धनुर्वाताची लस झाली आहे का ते विचारा. नसेल तर पहिली इथेच द्या, दुसरी चार ते सहा आठवड्यांनी. गाडीला फळीचा उतार हवा, खाली न घसरणारा पेंढा. घाट उतरायला पहाटेची वेळ धरा आणि चार-चार तासांनी पाणी दाखवा. घरी आल्यावर तीन आठवडे इतर जनावरांपासून लांब बांधा, बादली आणि खरारा वेगळा, सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहा. गोचिडांचा ताप काही वेळा प्रवासाच्या शिणानेच उसळतो. लघवी तांबूस दिसली किंवा हिरड्या पिवळ्या पडल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. जुना चारा विक्रेत्याकडून आठवड्यापुरता मागून आणा आणि नवा रोज थोडा थोडा वाढवत न्या.